डब्यातली बटणं: घासण्याआधी आत्यांना विचारा

वाई तालुक्यातल्या माहेरच्या घराची आवराआवर करताना एका ताईंना माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत वर्तमानपत्राच्या पुडीत साखळीने जोडलेल्या चार चांदीच्या गुंड्या, पितळेची नऊ बटणं (सहांवर मुकुट आणि बिगुल, तिनांवर इंग्रजीत जी. आय. पी. आर.) आणि ओंजळभर पांढरी बटणं निघाली. आजोबा रेल्वेत होते आणि त्यांचे थोरले भाऊ पलटणीत, एवढंच घरात ठाऊक आहे. ताई विचारतात: यांची काही किंमत आहे का? स्वच्छ कशी करू? अमेरिकेतल्या भावाला अर्धी पाठवली तर चालेल का? की संग्रहालयाला देऊ? आणि अशा वस्तू बघायला कुठे जाऊ?

ताई, आधी एक विनंती. घासू नका. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, पितळेची पावडर, काही म्हणजे काही लावू नका. सोनाराकडे उजाळ्यालाही देऊ नका. बटणं इतकी वर्षं काळी राहिली, आणखी महिनाभर राहिली तर काही बिघडणार नाही. घाईने चमकवली तर जे जाईल ते परत येणार नाही.

एकतीस वर्षं मी संग्रहालयांत वस्तूंच्या नोंदी आणि जतनाचं काम केलं. त्या काळातला एक प्रसंग अजून सलतो. एक गृहस्थ मखमलीवर टाचलेली रेल्वेची सहा बटणं घेऊन आले. लखलखीत, आरशासारखी. मी विचारलं, कोट कुठे आहे? म्हणाले, कसर लागली होती, बटणं कापून घेतली आणि कोट टाकून दिला. कॉलरच्या आत शाईने काहीतरी लिहिलं होतं, हेही त्यांना आठवत होतं. काय लिहिलं होतं ते मात्र आठवेना. नाव असेल, बिल्ला क्रमांक असेल, स्टेशन असेल. ती सहा बटणं आम्ही घेतली, पण नोंदवहीत 'रेल्वेची बटणं, पितळ, सहा नग' यापलीकडे लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. त्या माणसाने वाईट हेतूने काहीच केलं नव्हतं. चांगलं दिसावं म्हणूनच केलं होतं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. चांदीच्या गुंड्यांना सोनार वजनाचे पैसे देईल, पितळेच्या बटणांना जुन्या बाजारात कुणी थोडेफार देईल. पण हे बटण कुणाच्या अंगावर होतं, कोणत्या साली, कोणत्या कामावर, हे सांगता आलं तर त्या वस्तूचं मोल वेगळंच होतं. ते मोल डब्यात नाही, तुमच्या घरातल्या माणसांच्या आठवणीत आहे. तुम्ही लिहिलं आहे की तुमच्या आत्या कऱ्हाडला असतात आणि त्यांचं वय शहाऐंशी आहे. त्यांच्याविषयी शेवटी लिहितो.

संदर्भ सुटला की काय होतं, याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण दायमाबादचं. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ मध्ये झाडाच्या मुळाशी खणताना एका गावकऱ्याला काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. चार वस्तूंचं वजन मिळून साठ किलोंहून जास्त. जगभरचे अभ्यासक त्यांच्याविषयी लिहितात, आणि तरी त्यांच्या काळाबद्दल वाद राहिला, कारण त्या पुरातत्त्वज्ञांच्या खणतीत, मातीच्या ठरावीक थरात मिळाल्या नव्हत्या. एवढ्या मोठ्या ठेव्याची ही गत, तर बोटाच्या पेराएवढ्या बटणाची काय कथा!

आता एकेक करून डबा उलगडू.

चांदीच्या गुंड्यांनी मला सगळ्यात जास्त आनंद झाला. आपल्याकडचा जुना पुरुषी पोशाख बांधायचा होता, बटणं लावायचा नव्हता. बाराबंदीचं नावच तिच्या बंदांवरून पडलं. अंगरख्यालाही बंदच. लोकमान्य टिळकांचं छायाचित्र डोळ्यांसमोर आणा: अंगरखा, उपरणं, पगडी. कोट-सदरा आला तसं बटण घरोघर आलं, आणि त्याच्यासाठीचे शब्दही बाहेरून आले. शिंप्याकडे आपण 'काज-बटण' म्हणतो, त्यातलं 'काज' पोर्तुगीज 'काझा'वरून आलेलं आहे. काझा म्हणजे घर, आणि बटणाचं घर म्हणजेही काझा. गोव्यात कोकणीत बटणाला 'बुतांव' म्हणतात, तोही पोर्तुगीजच शब्द. 'गुंडी' मात्र आपली जुनी. कापडाची गाठ वळून केलेली, सुताच्या फाशात अडकवायची.

सोन्याचांदीच्या गुंड्या साखळीत का ओवायच्या, याचं कारण फार सुंदर आहे. या गुंड्या शिवलेल्या नसतात. सदऱ्याच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी काजं असतात, गुंडी त्यांतून पार करायची आणि मागे कडी किंवा आडवी दांडी अडकवायची. सदरा परटाकडे जायचा आणि परीट तो दगडावर आपटायचा, म्हणून त्याआधी गुंड्या काढून घ्यायच्या. एकेक सुटी असती तर हरवली असती. साखळीमुळे चारही एकदम निघतात आणि एकदम पेटीत जातात. म्हणजे तुमच्या हातातला हा दागिना एका घराच्या धुण्याच्या पद्धतीतून घडलेला आहे. साखळीची कोणती कडी जास्त झिजली आहे, मागची दांडी वाकलेली आहे का, ते भिंगातून बघा. रोज घातलेल्या आणि फक्त लग्नकार्यात घातलेल्या गुंड्यांची झीज वेगळी दिसते. उजाळा दिला की नेमकी हीच झीज पुसली जाते. त्यांवर आजच्यासारखा हॉलमार्क नसेल. आपल्याकडे ती पद्धत २००० नंतरची, त्यामुळे छाप नाही म्हणून चांदी खोटी असं समजू नका. सोनाराची एखादी बारीक खूण मात्र कडीजवळ किंवा मागच्या चकतीवर असू शकते.

पितळेच्या बटणांची पाठ आधी वाचा. सगळे पुढचं चित्र बघतात, मी पाठ बघतो. दोरा ओवायच्या कडीभोवती बनवणाऱ्याचं नाव आणि गाव कोरलेलं असतं. लंडनची फर्मिन, बर्मिंगहॅमची स्मिथ अँड राइट, गाँट अशी नावं आपल्याकडच्या डब्यांत वारंवार निघतात. बाजूने उजेड पाडला, म्हणजे खिडकीपाशी बटण तिरपं धरलं, की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. मोबाईलने फोटो काढून मोठा केला तरी पुरतं.

मग मुकुट. वरच्या कमानी मध्यभागी दबलेल्या, चपट्या दिसत असतील तर तो बहुधा राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. तिचं राज्य १९०१ मध्ये संपलं. कमानी घुमटासारख्या गोल वर चढत असतील तर तो नंतरच्या राजांचा मुकुट. आपल्याकडे १९५० नंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. एका मुकुटावरून वस्तू पन्नास वर्षांच्या कप्प्यात बसते. यासाठी पैसे मोजून तज्ज्ञ गाठायची गरज नाही.

बिगुल दिसला की आपण लगेच 'मराठा पलटण' म्हणतो. जरा थांबा. बिगुल ही लाइट इन्फंट्रीची, म्हणजे हलक्या पायदळाची खूण. अशा पलटणी बऱ्याच होत्या. बिगुलाच्या वळणाच्या आत आकडा आहे का, ते बघा. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ यांपैकी एखादा असेल तर ती मराठ्यांचीच पलटण. १९२२ मध्ये या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली, म्हणून त्यानंतरच्या बटणांवर हे जुने आकडे नसतात. १०३, ११० किंवा ११७ निघाला तर मात्र तुमच्या थोरल्या आजोबांचं नाव शोधण्याची खटपट जरूर करा. या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेल्या होत्या आणि डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. उपासमार झाली, शरणागती पत्करावी लागली, त्यानंतर कैद. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत 'बसऱ्याला गेले होते' एवढंच वाक्य उरलं आहे. तुमच्या घरात कुणी असं म्हणत असे का, आठवून बघा. पलटणीचं केंद्र आज बेळगावला आहे. जुना आकडा आणि नाव हाती असेल तर तिथे पत्र पाठवता येतं, नुसतं 'आमचे आजोबा फौजेत होते' म्हणून काही हाती लागत नाही.

जी. आय. पी. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी सोडली ती यांनीच. १९२५ मध्ये तिचा कारभार सरकारने हाती घेतला आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली. तुमच्या आजोबांची नोकरी १९५१ च्या अलीकडे-पलीकडे असेल तर त्यांनी दोन्ही काळ पाहिले आणि बटणं बदलली तेव्हा जुनी जपून ठेवली, असं झालं असेल. तीनच का राहिली? बाकीची कोटावर गेली की परत द्यावी लागली? हे प्रश्नही आत्यांसाठी लिहून ठेवा.

पांढऱ्या बटणांना बहुतेक लोक 'साधी' म्हणून बाजूला सारतात. त्यांच्यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण त्यांत एका शतकाचा कारखानदारीचा इतिहास असतो.

प्रत्येक बटण गालाला किंवा ओठाच्या वरच्या बाजूला टेकवून बघा. गार लागलं तर शिंपला, काच किंवा चिनी माती, कोमट लागलं तर हाड, शिंग किंवा प्लास्टिकचा एखादा प्रकार. शिंपल्याचं बटण हलवलं की त्यावरून रंग सरकतो आणि कडेला थर दिसतात, कधीकधी मागे शिंपल्याची तपकिरी साल राहिलेली असते. बिहारमधल्या चंपारणात मेहसी गावी नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं करण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आला आहे. चिनी मातीचं बटण दुधासारखं एकसारखं पांढरं असतं आणि त्याची पाठ संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत. इंग्लंडमध्ये रिचर्ड प्रॉसर यांनी १८४० मध्ये कोरड्या मातीची भुकटी साच्यात दाबून बटणं पाडण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे फ्रान्समधल्या कारखान्यांनी ती लाखांनी बनवली. हाडाच्या बटणात भिंगाखाली बारीक काळसर ठिपके किंवा रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. दुधाच्या प्रथिनांपासून केलेली बटणंही असत, ती चोळल्यावर कधीकधी जळक्या दुधाचा वास येतो.

सेल्युलॉइड सापडलं तर त्याच दिवशी वेगळं करा. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि ती शेजारच्या पितळेला, चांदीला खाते. एका बटणामुळे सगळा डबा नासलेला मी पाहिला आहे. तापलेली सुई टोचून ओळखायची जुनी युक्ती कुणी सांगेल. ती मुळीच करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

आता जतन. मऊ कोरडा ब्रश, चित्रकलेचा चालेल, त्याने धूळ झटका. पाणी नको. पितळेचं बटण बहुधा दोन पत्र्यांचं, आतून पोकळ असतं. पाणी कडेच्या फटीतून आत जातं, ते वाळत नाही आणि बटण आतून सडतं. तपकिरी-काळसर थर राहू द्या, तो धातूला सांभाळतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीगत खूण दिसली तर मात्र ते बटण वेगळं ठेवा, कारण ती वाढत जाते आणि तिच्यावर जाणकाराकडून उपचार करावा लागतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचं स्वतंत्र केंद्र आहे, तिथे विचारता येईल. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. म्हणून रबरबँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्र तिच्याजवळ ठेवू नका, मऊ सुती कापडाने हलकेच पुसा आणि थांबा. शिंपला लाकडी पेटीत ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने त्यावर पांढरी पूड धरते. लिंबू-व्हिनेगर तर शिंपल्याला अक्षरशः विरघळवतं, कारण तो मुळात चुन्याचाच. प्रत्येक जातीची बटणं वेगळ्या कोऱ्या प्लास्टिक पिशवीत, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी. वाईचा पावसाळा बघता ती पुडी दर वर्षी जूनमध्ये बदला.

डबा फेकू नका. ते वर्तमानपत्रही फेकू नका, फक्त बटणांपासून दूर ठेवा. त्यावरची तारीख म्हणजे पुडी कधी बांधली याचा लेखी पुरावा. एखाद्या बटणाला दोरा किंवा कापडाचा तुकडा चिकटलेला असेल तर तो तोडू नका, त्या दोऱ्याचा रंगही पुरावाच आहे.

बघायला कुठे जायचं? तुमच्यापासून जवळ, खटाव तालुक्यात, औंधचं श्री भवानी संग्रहालय. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं. लोक तिथे रविवर्म्यांच्या चित्रांसाठी जातात, तुम्ही चित्रांतले कपडे बघा: बंद कुठे बांधले आहेत, गुंडी कुठे आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ ते उभं केलं आणि पुढे सरकारला दिलं. अडकित्ते, दिवे, कुलुपं, फण्या, घरात वापरून हाताने गुळगुळीत झालेल्या वस्तू. वीस हजारांवर वस्तू आहेत आणि त्यांतल्या सुमारे अडीच हजारच एका वेळी मांडलेल्या असतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात वेगवेगळ्या समाजांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत, त्यांच्या अंगावरचे पेहराव सावकाश बघण्यासारखे. आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर मला मनापासून आवडतं. जुन्या ग्रीक प्रवासवर्णनातलं तगर ते हेच. रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गावकऱ्याने तिथली मणी, मृण्मूर्ती, बारीकसारीक तुकडे आयुष्यभर गोळा केले, त्यांच्या नावाने सरकारी संग्रहालय उभं आहे. २०२४ च्या जुलैत लंडनहून आलेली वाघनखं बघायला साताऱ्याच्या संग्रहालयात रांगा लागल्या, मला फार बरं वाटलं. त्याच इमारतीतल्या छोट्या पेट्यांपाशीही लोकांनी असंच थांबावं असं मला वाटतं.

भावाला पाठवण्याआधी काळ ठरवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, मग ती घरची असो, छोटी असो. पोस्टाने नाही आणि सामानातूनही नाही. वस्तू तेवढी जुनी नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो, तो हातात आल्याशिवाय काही पाठवू नका. रेल्वेची बटणं कदाचित या मर्यादेच्या अलीकडची निघतील, पलटणीची बहुधा निघणार नाहीत. माझं मत विचाराल तर अर्धी-अर्धी करूच नका. चार गुंड्यांची साखळी तोडून दोघांत वाटली तर दोघांकडे काहीच उरणार नाही. भावाला सगळ्यांचे उत्तम फोटो आणि आत्यांचं ध्वनिमुद्रण पाठवा.

घर पाडणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. जमिनीत, पायात पुरलेलं काही निघालं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ती दहा रुपयांची मर्यादा तेव्हाची आहे. माळ्यावरच्या डब्याला हे लागू नाही.

संग्रहालयाला द्यायचं ठरलं तर तोंडी देऊ नका. लेखी पत्र, वस्तूंची यादी, फोटो, आणि त्यांच्या नोंदवहीतला दाखल क्रमांक लिहिलेली पोच घ्या. मांडणीत लागेलच असं वचन कुणी प्रामाणिक माणूस देणार नाही, केळकर संग्रहालयाचा आकडा वर दिलाच आहे. पण कोठारात नीट नोंद असलेली वस्तू हरवलेली नसते. नोंद नसलेली मात्र काचेच्या पेटीतही हरवते. देण्याची घाई मात्र नाही. घरात नीट नोंद करून ठेवलेलं पलटणीचं बटणसुद्धा अभ्यासकाच्या उपयोगी पडतं.

आता आत्या. या रविवारी कऱ्हाडला जा. बटणं पिशवीतून काढून त्यांच्या तळहातावर ठेवा, फोटो दाखवू नका. माणसाला हातात आल्यावर जे आठवतं ते चित्र बघून आठवत नाही. मोबाईलवर मुद्रण चालू करा आणि त्यांना सांगून करा. 'हे रेल्वेचं बटण ना?' असं विचारलं तर त्या 'हो' म्हणतील आणि विषय संपेल. 'आजोबा कामावर जाताना काय घालायचे? कोट कुठे टांगायचे? तो कोण धुवायचं? गुंड्या कुठल्या लग्नात घातल्या होत्या?' असं विचारा, आणि त्या गप्प बसल्या तर तुम्हीही गप्प बसा. दहा सेकंद, वीस सेकंद. पुष्कळदा नाव त्या शांततेनंतर येतं. सगळं झालं की त्याच दिवशी वहीत लिहा: कोणी सांगितलं, कधी, कुठे बसून.

आणि परत आलात की सहा बिगुलांचे फोटो मला पाठवा, पुढून आणि मागून, शेजारी फूटपट्टी ठेवून. बिगुलाच्या आतला आकडा झिजला असेल तर खिडकीपाशी सकाळच्या उन्हात, बटण तिरपं धरून.